एका दिवसाची वाई

दिवाळीचे पाहुणे येऊन गेले, भाऊबीज झाली, चकल्यांच्या डब्याचा तळ दिसू लागला, की मध्यमवर्गीय घरात एक प्रश्न ठरल्यासारखा उभा राहतो : ‘‘सुट्टी शिल्लक आहे, कुठेतरी जाऊन येऊ या का?’’ हे ‘कुठेतरी’ मोठे मोघम असते. त्यात काश्मीरही बसते आणि कात्रजही बसते. मग कोणाची रजा आड येते, कोणाचा क्लास आड येतो, सर्वांच्या आधी महिन्याचा हिशेब आड येतो, आणि काश्मीरपासून निघालेली बोलणी हळूहळू दक्षिणेकडे सरकत ‘सकाळी निघू, रात्री परत येऊ’ या मुक्कामावर येऊन ठेपतात. हा अंक आपल्या हाती पडेल त्या सुमारास आपल्याही घरी ही बोलणी कोणत्या तरी टप्प्यावर असतील. तेव्हा यंदा साहित्याची चर्चा बाजूला ठेवून आमच्या घरी ठरलेल्या एका सहलीची हकीगत सांगतो. सहल अजून व्हायची आहे. हे लिहितो आहे तेव्हा गणपती नुकतेच उठले आहेत आणि पाऊस अजून पुरता गेलेला नाही. पण सहलीची आखणी हीच अर्धी सहल असते, आणि पुष्कळदा हा अर्धाच अधिक रंगतो.

गाव ठरायला वेळ लागला नाही. वाई. पुण्याहून नव्वदएक किलोमीटर. साताऱ्याच्या रस्त्याने खंबाटकीचा घाट ओलांडायचा, सुरूरला उजवीकडे वळायचे, की दहा-बारा किलोमीटरवर गाव येते. तसे पाहिले तर वाई आम्ही कितीदा तरी पाहिली आहे. पण ती खिडकीतून. पुण्याहून महाबळेश्वरला जाणारी एसटी वाईच्या स्थानकात थोडा वेळ थांबते, लोक चहा पितात, मुलांना उलटीच्या गोळ्या दिल्या जातात आणि गाडी पसरणीच्या घाटाला लागते. थंड हवेकडे धावणाऱ्या माणसाला वाई म्हणजे घाट सुरू होण्यापूर्वीचे शेवटचे ठिकाण. फार झाले तर ढोल्या गणपतीला उभ्याउभ्या नमस्कार. पिढ्यान्‌पिढ्या आपण या गावाला वाटेवरचे गाव करून ठेवले आहे. एकदा तरी वाईला वाईसाठी जावे, असे माझ्या मनात फार दिवस होते. ते मी बोलून दाखवले आणि आश्चर्य म्हणजे कोणी मोडता घातला नाही. मोडता घालण्याचे काम पुढच्या तपशिलांवर सोपवण्यात आले.

एका दिवसाच्या सहलीचे एक गणित असते, ते आधी मांडून घ्यावे. सकाळी सहाला निघून रात्री नऊला परतायचे तर पंधरा तास हाती येतात. त्यांतले पाच जाण्यायेण्यात जातात. खाणे, चहा, कोणाचा विसरलेला चष्मा, कोणाला लागलेली गाडी, यांत दोन-अडीच तास विरतात. उरले साडेसात. कार्तिकात सहाच्या सुमारास दिवस मावळतो, म्हणजे तेही सगळे उजेडाचे नव्हेत. या सहा-सात तासांत किती मावेल, यावर आमच्या घरात तीन संध्याकाळी चर्चा झाली.

पहिली यादी चिरंजीवांची. ते अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला आहेत आणि त्यांचा सर्व अभ्यासक्रम मोबाइलमध्ये असतो. दहा मिनिटांत त्यांनी नऊ ‘पॉइंट’ काढले : ढोल्या गणपती, काशीविश्वेश्वर, मेणवलीचा वाडा, धोमचे देऊळ, धोम धरण, पांडवगड, पाचगणी, भिलार आणि वेळ उरल्यास प्रतापगड. ‘वेळ उरल्यास प्रतापगड’ हे वाचून मला अफजलखानाची आठवण झाली. तोही आदिलशाहीचा वाईचा सुभेदार होता, १६५९ साली वाईलाच तळ देऊन बसला होता आणि इथूनच तो प्रतापगडाकडे निघाला. त्याच्याजवळ वेळ पुष्कळ होता, तरी ती सहल काही नीट पार पडली नाही.

‘‘बाबा, थट्टा करू नकोस. मॅपवर बघ. प्रत्येक ठिकाणाहून पुढच्या ठिकाणी फार तर अर्धा तास.’’

नकाशात अर्धाच तास होता, यात वाद नाही. परंतु नकाशात पायऱ्या दिसत नाहीत. गाडी लावायची जागा, देवळाबाहेर काढलेल्या चपला, दर्शनाची रांग आणि आजीचा हात धरून चालणारी नात, यांपैकी काहीच नकाशात दिसत नाही. नऊ ठिकाणी पाच माणसे गाडीतून उतरवायची आणि परत चढवायची म्हणजे नव्वद वेळा दार उघडणे-मिटणे आले. हा हिशेब मी करून दाखवला तेव्हा प्रतापगड गळाला, पाठोपाठ पांडवगड गळाला. गडाला गडाचा स्वतंत्र दिवस द्यावा हे त्यालाही पटले.

दुसरी मागणी कन्येची. ती हिंजवडीला एका कंपनीत आहे आणि येत्या जानेवारीत दोन वर्षांसाठी परदेशी निघाली आहे, त्यामुळे सध्या तिच्या शब्दाला घरात वजन आहे. तिला मेणवली हवी होती. २००४ साली आलेल्या ‘स्वदेस’ चित्रपटातले गाव म्हणजे पुष्कळसे मेणवली. तो घाट, तो वाडा, ती नदी तिने लहानपणापासून पडद्यावर पाहिलेली. परदेशी जाण्यापूर्वी परदेशातून परत येणाऱ्या माणसाचा चित्रपट जेथे काढला ते गाव पाहावे, असे तिच्या मनात आले. मी त्यावर काही बोललो नाही. बापाने काही गोष्टी ऐकून घ्याव्यात आणि मनात ठेवाव्यात. तिचे आणखी एक म्हणणे होते की, त्रिपुरी पौर्णिमेला जावे, नदीकाठच्या देवळांत दिवे लागतात. कल्पना सुंदर होती. पण दिवे अंधारातच लागतात आणि अंधारात घाटाच्या पायऱ्या आजीला दिसायच्या नाहीत, म्हणून ती मागे ठेवावी लागली.

तिसरी मागणी माझी, आणि ती ऐकून घरात हशा झाला. मला विश्वकोशाची कचेरी पाहायची होती.

‘‘कचेरी?’’ सौभाग्यवती म्हणाल्या. त्या बँकेत आहेत आणि कचेरी या वस्तूविषयी त्यांना कुतूहल उरलेले नाही.

‘‘आणि बाबा, विश्वकोश सगळा मोबाइलवर आहे की! तूच तर दाखवला होतास,’’ चिरंजीव म्हणाले.

दोघांचेही खरे होते. मराठी विश्वकोशाचे खंड आता घरबसल्या वाचता येतात आणि वर्गात मी ते दर आठवड्याला उघडतो. तरीही वाईला जायचे आणि गंगापुरीतल्या त्या वास्तूसमोरून न बघता पुढे जायचे, हे मराठी शिकवून पोट भरणाऱ्या माणसाला जमण्यासारखे नाही. नारायणशास्त्री मराठे, म्हणजे पुढचे स्वामी केवलानंद सरस्वती, यांनी या गावात प्राज्ञपाठशाळा चालवली. गांधीजींच्या आश्रमातून रजा घेऊन विनोबा १९१७ साली वेदान्ताच्या अध्ययनासाठी त्यांच्यापाशी येऊन राहिले. खानदेशातल्या पिंपळनेरहून लक्ष्मण नावाचा एक मुलगा शिकायला आला तो इथलाच झाला; तेच तर्कतीर्थ लक्ष्मणशास्त्री जोशी. धर्मकोशाचे काम इथे झाले, मीमांसाकोश इथे झाला. महाराष्ट्र राज्य झाल्यावर १९६० साली साहित्य संस्कृती मंडळ स्थापन झाले, त्याचे अध्यक्षपद तर्कतीर्थांकडे आले आणि मराठी विश्वकोशाचे काम वाईत बसले. मुंबईत नाही, पुण्यात नाही, एका तालुक्याच्या गावात! पहिला खंड १९७६ साली निघाला. तर्कतीर्थ १९९४ साली गेले; विसावा खंड पुरा व्हायला २०१५ उजाडले. अंकांपासून आकाशगंगेपर्यंत आणि कांद्यापासून कान्टपर्यंत जगातली यच्चयावत माहिती मराठीत आणून तिला अकारविल्हे ओळीने बसवण्याचा उद्योग या नदीकाठी दोन पिढ्यांनी केला. ती माहिती मोबाइलवर मिळते. ती जेथे बसून लिहिली, ते ठिकाण मात्र मोबाइलवर मिळत नाही.

‘‘ठीक आहे, बघा तुमची कचेरी,’’ सौ. म्हणाल्या, ‘‘पण शनिवार-रविवारी सरकारी कचेऱ्या बंद असतात, हे लक्षात आहे ना?’’

आणि येथून खरी आखणी सुरू झाली. सरकारी कचेऱ्यांना २०२० पासून पाच दिवसांचा आठवडा आहे. म्हणजे वाईला जायचे ते सोमवार ते शुक्रवारच्या दरम्यान. त्याला दुसरेही कारण निघाले. शनिवार-रविवारी सगळे पुणे पाचगणीला निघालेले असते आणि खंबाटकीपासून गाड्यांची रांग लागते. माझ्या कॉलेजला दिवाळीची सुट्टी. चिरंजीवांना परीक्षा आणि परीक्षा यांच्यामधली आठ दिवसांची फट. कन्येला घरून काम, पण सोमवारी साहेबांची बैठक. सौभाग्यवतींना एक हक्काची रजा. आणि आईची एकादशी. पाच माणसांची पाच पंचांगे भिंतीवरच्या कॅलेंडरवर एकापुढे एक मांडली, तेव्हा पंधरवड्यात सर्वांना सोयीचा असा एकच मंगळवार उरला. लग्नाचे मुहूर्तही याहून सैल असतात.

मग वाहनाचा प्रश्न. एसटीचा हिशेब मोहात पाडणारा होता. आई पंचाहत्तरीच्या पुढची, तिला एसटी फुकट. सौ. आणि कन्या यांना अर्धे तिकीट. म्हणजे पाच माणसांत तीनच तिकिटे. घरात स्त्रीवर्ग अधिक असण्याचा लाभ मराठी माणसाला इतक्या रोकडा कधी झाला नसेल. पण एसटीची पहिली पायरी उंच असते. ही पायरी उच्चारली मात्र, आणि आतापर्यंत वाती वळत गप्प बसलेल्या आईकडे सर्वांचे लक्ष गेले. आई नेहमी शेवटी बोलते आणि एकदाच बोलते. घरात हे सर्वांना ठाऊक आहे.

‘‘आजी, तुला काय बघायचंय?’’ कन्येने विचारले.

‘‘बघायचं काही नाही गं. कृष्णेच्या पाण्यात पाय सोडून बसायचंय. एकदा.’’

आता हे सांगितले पाहिजे की, वाईच्या पुलावरून गाडी जाताना आईने हात जोडले नाहीत असे मला आठवत नाही. मी लहान असताना ती खिडकीतून नदीत नाणे टाकायची आणि ते पाण्यापर्यंत पोचले की कठड्यावर राहिले यावर माझी आणि धाकट्या बहिणीची पैज लागायची. परंतु कृष्णेच्या पायऱ्या उतरून ती कधी पाण्यापाशी गेलेली नाही. गुरू कन्या राशीत येतो तेव्हा वर्षभर गंगा कृष्णेच्या भेटीला येते, असे श्रद्धावंत मानतात; त्याला कन्यागत म्हणतात. ते २०१६ साली आले होते. तेव्हा वडील अंथरुणावर होते आणि आईने जाण्याचा विषयही काढला नाही.

‘‘आता पुढचं कन्यागत अठ्ठावीस साली,’’ आई म्हणाली. ‘‘तोवर मी थांबेन हो. पण गुडघे थांबायचे नाहीत.’’

ती हे हसत म्हणाली, वात वळणेही थांबले नव्हते. पण त्या वाक्यासरशी आमच्या तीन संध्याकाळच्या याद्या जुन्या वर्तमानपत्रासारख्या होऊन गेल्या. आईच्या गुडघ्यांचे भांडवल आम्हाला नेमके ठाऊक आहे : दिवसातून एक उतरण आणि एक चढण. तेवढी ती काठीच्या नि हाताच्या आधाराने करू शकते. दुसऱ्यांदा नाही. याचा अर्थ, संपूर्ण दिवसात पायऱ्यांचे ठिकाण एकच घेता येणार, आणि ते कोणते हे आधी ठरवून बाकीचा दिवस त्याच्याभोवती गुंडाळावा लागणार.

चिरंजीवांनी तत्काळ तोड काढली, ‘‘आजी, तू वरच बस. मी खालून तांब्या भरून आणतो.’’

‘‘तांब्यातलं पाणी आपल्या नळालाही येतं, बाळा.’’

यावर कोणी काही बोलू शकले नाही.

घाटांची वाईत वाण नाही. गंगापुरी, मधली आळी, गणपती आळी, धर्मपुरी, ब्राह्मणशाही, रामडोह, भीमकुंड, असे सात घाट आळीआळीने नदीला लागले आहेत. हिवाळा सरता सरता कृष्णाबाईचा उत्सव होतो तेव्हा देवी पाळीपाळीने एकेका घाटावर येऊन राहते. प्रत्येक आळीचा मांडव निराळा, कीर्तन निराळे, पंगत निराळी. नदीला सासरी नेल्यासारखे आपापल्या दारी आणणारे हे गाव. अफजलखानाचे संकट टळावे म्हणून बोललेल्या नवसातून हा उत्सव सुरू झाला, अशी परंपरा वाईकर सांगतात. त्यांतला गणपती आळीचा घाट सर्वांत ओळखीचा. कारण त्यावर ढोल्या गणपती. मी आधी तोच मनात धरला होता. पण तो भर गावात आहे, वर्दळीचा आहे, आणि नदी वाईला पोचते ती वरची गावे करून. कन्येची मेणवली मात्र वाईच्या वरच्या अंगाला, तीनएक किलोमीटरवर आहे. पाणी आधी मेणवलीला येते, मग वाईला. तिथला घाट वाड्याच्या मागेच आहे, अर्धचंद्रासारखा वळलेला, झाडांच्या सावलीतला. गर्दीही कमी.

वाईजवळच्या एका शाळेत माझा जुना विद्यार्थी शिक्षक आहे. त्याला फोन केला. तो म्हणाला, ‘‘सर, पाणी कुठवर असेल ते धोमच्या धरणातून किती सोडतात त्यावर. खालच्या पायऱ्यांना पावसाळ्यानंतर शेवाळ असतं, त्यामुळे पाण्यातल्या पायरीवर उभं राहायचं नाही, कोरड्या पायरीवर बसून पाय सोडायचे. वाडा खाजगी मालकीचा आहे, कधी चित्रीकरणासाठी बंदही असतो. मी आदल्या दिवशी चौकशी करून ठेवतो. आणि काकूंना धरायला मी येतोच.’’ शिक्षकाला पगारावाचून काही मिळत नाही, असे म्हणणाऱ्यांनी हा फोन ऐकायला हवा होता.

मेणवलीचा घाट ठरला आणि मला नानांची आठवण झाली. मेणवलीचा वाडा नाना फडणविसांचा. गाव त्यांना १७६८ साली इनाम मिळाले. वाडा, मेणेश्वराचे देऊळ आणि घाट पुढे त्यांनी बांधले. पेशवाईचा कारभार चालवणारा हा मुत्सद्दी माणूस आपण पाठ्यपुस्तकातून ओळखतो तो साडेतीन शहाण्यांतला अर्धा म्हणून. पण त्यांचे मोडीतले एक त्रोटक आत्मवृत्त आहे, ते मी विद्यार्थ्यांना आवर्जून सांगतो. पानिपतला नाना गेले ते लढण्यासाठी नव्हे. अठरा वर्षांचा मुलगा, आई आणि बायको यांना उत्तरेतल्या तीर्थयात्रा घडवाव्यात म्हणून भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर निघाला होता. १४ जानेवारी १७६१ च्या संध्याकाळी सर्वांची पांगापांग झाली. नाना जीव वाचवून निघाले, पत्नी पुढे सुखरूप भेटली. आई मात्र परत भेटली नाही. राज्ये उलथीपालथी करणाऱ्या त्या कारभाऱ्याने पुढे कृष्णेकाठी हा घाट बांधताना मनात काय आणले असेल, ते कोणत्याही दप्तरात सापडायचे नाही. तीर्थाला आईला घेऊन निघालेल्या मुलाने बांधलेल्या पायऱ्या आहेत, एवढे खरे. त्या माझ्या आईला चालतील, असे मला वाटले. घरात मी हे बोललो नाही. येथे लिहितो आहे.

त्याच घाटावर मेणेश्वराजवळ एक मोठी घंटा टांगलेली आहे. ती पोर्तुगिजांची. १७३९ साली चिमाजी आप्पांनी वसई जिंकली तेव्हा तिकडच्या चर्चमधल्या घंटा मराठ्यांनी आणल्या, त्यांतली ही एक. नाशिकच्या नारोशंकराची घंटा तर सर्वांच्या बोलण्यात आहे. मेणवलीच्या घंटेवर १७०७ हे साल आहे आणि बाळ येशूला घेतलेली मरियम कोरलेली आहे. ख्रिस्ताच्या आईचे चित्र असलेली घंटा शंकराच्या शेजारी अडीचशे वर्षे नांदते आहे आणि दोघांपैकी कोणाची तक्रार नाही.

चिरंजीव थोडे हिरमुसले होते, कारण त्यांच्या नऊ पॉइंटांतले आता दोन-तीनच राहिले होते. त्यांची समजूत ढोल्या गणपतीने काढली. हे देऊळ १७६२ साली गणपतराव भिकाजी रास्ते यांनी बांधले. रास्ते म्हणजे माधवराव पेशव्यांचे आजोळ, गोपिकाबाई रास्त्यांच्याच. काशीविश्वेश्वराचे देऊळही याच घराण्याचे. गणपतीची मूर्ती अवाढव्य म्हणून तो ढोल्या. पण खरी गंमत मूर्तीच्या मागे आहे. देवळाची मागची भिंत सरळ नाही. ती माशासारखी निमुळती होत गेली आहे, म्हणजे पुराचा लोंढा आला की त्या टोकावर दुभंगतो आणि दोन्ही अंगांनी निघून जातो. भिंतीला सरळ धडक बसत नाही. हे ऐकताच त्यांनी मोबाइल खाली ठेवला आणि कागदावर आकृती काढायला घेतली. प्रवाहाचा दाब, कोन, असे काहीबाही पुटपुटत त्यांनी अर्धा तास घालवला. अडीचशेहून अधिक वर्षे पूर अंगावर घेऊन उभ्या असलेल्या त्या भिंतीचे गणित त्यांनी मांडावे आणि मंगळवारी प्रत्यक्ष ताडून पाहावे, असे ठरले. पॉइंट एकच राहिला, पण त्यात आता त्यांना करण्यासारखे काही होते.

मग दिवसाचा क्रम लावला, आणि तो सगळा आईच्या गुडघ्यांनी लावून दिला. उठल्याबरोबर ते आखडलेले असतात, दुपारनंतर थकतात. नऊ ते अकरा हा त्यांचा उत्तम काळ. म्हणून वाईत शिरल्यावर गावात न थांबता थेट मेणवली. आधी घाट. तासभर. त्या तासात कोणी कोणाला ‘चला’ म्हणायचे नाही, अशी सौभाग्यवतींची अट आहे. ‘‘किती ठिकाणं बघायची ते मला सांगू नका,’’ त्या म्हणाल्या, ‘‘किती वेळ बसायचं ते सांगा.’’ या एका वाक्याने आखणीतले निम्मे प्रश्न मिटले. नंतर वाडा, वाड्यात आईने पहिल्या चौकात सावलीला बसायचे, बाकीच्यांनी आत फिरून यायचे. बाराला वाईत जेवण आणि आईला गाडीत घटकाभर डुलकी. तीनला माझी कचेरी. पंधरा मिनिटे पुरतील, वीस मिळाली आहेत. चारला काशीविश्वेश्वर, साडेचारला ढोल्या गणपती. तिथला घाट आईने वरूनच पाहायचा. साडेपाचला परतीची वाट, म्हणजे खंबाटकी अंधार दाटण्यापूर्वी मागे पडेल.

‘‘घरून काही करून न्यायचं नाही, वाईत जेवण मिळतं,’’ हेही सौभाग्यवतींनी आधीच बजावले आहे. त्यांनी केलेली यादी आता आमच्या फ्रिजवर लावलेली आहे : तिखटमिठाच्या पुऱ्या, दशम्या, दहीभात, उरलेला सगळा फराळ, थर्मासमध्ये चहा, लिंबाचे लोणचे. यावर टीका करण्याचा अधिकार नवऱ्याला नाही. विशेषतः दहीभात त्यालाच लागतो.

जे सोडले त्याचीही नोंद करतो, कारण सोडताना जीव थोडा थोडा तुटला. धोमचे नरसिंहाचे देऊळ आणि पाण्याच्या कुंडातला तो नंदी मेणवलीहून अगदी हाकेच्या अंतरावर आहे, तरी सोडला. पसरणी सोडली, शाहीर साबळे यांचा जन्म १९२३ साली तिथला. भिलार सोडले. २०१७ पासून ते पुस्तकांचे गाव झाले आहे, घराघरांतून पुस्तके मांडलेली आहेत, आणि मराठीच्या प्राध्यापकाने पाचगणीच्या उंबऱ्यापर्यंत जाऊन ते न पाहता परत यावे, हे शोभत नाही. पण भिलारला वाचायला जायचे तर तोही एक दिवस. एका दिवसात तीन दिवस कोंबले की तिन्ही दिवस वाया जातात. गावे मात्र तिथेच असतात. ती कोठे जात नाहीत. घरातली माणसे तशी नसतात. एक जानेवारीत निघाली आहे, एकीचे गुडघे थांबायला तयार नाहीत.

म्हणून वाचकहो, यंदा आपण पैठणला जा, जुन्नरला जा, सासवडला जा, नाहीतर आमच्यासारखे वाईला जा. यादी करण्याआधी घरात जो सर्वांत हळू चालतो त्याला विचारा की तुला काय हवे आहे. त्याचे मागणे बहुधा लहान असते, आणि त्याच्याभोवती बाकीच्यांचा दिवस आपोआप बसतो. ठिकाणे कमी होतील. त्याची हळहळ गाडीत बसेपर्यंत वाटेल, पुढे वाटणार नाही, असा माझा अंदाज आहे. तो खरा ठरला की नाही ते पुढल्या लेखात कळवीन.

सध्या फ्रिजवरच्या यादीत भर पडते आहे. टॉवेल, आईची रबरी तळाची चप्पल, बसायला जाड आसन, औषधांची डबी, चिरंजीवांची मोजपट्टी. ‘या सहलीत खरेदी नाही’ असा ठराव एकमताने झाला होता. काल पाहतो तो यादीच्या तळाशी आईच्या अक्षरात एक ओळ : ‘‘येताना वाईची हळद. एक किलो. ताईला अर्धा किलो परदेशी न्यायला.’’